आर्गव्हीवरून फिरताना : सी भाषेतल्या एका लहान लूपचा आढावा

सी भाषेतल्या प्रोग्रॅमला कमांड लाइनवरून शब्द दिले की ते मेन फंक्शनकडे दोन गोष्टींच्या रूपात येतात. आर्गसी म्हणजे शब्द किती आले ती संख्या, आणि आर्गव्ही म्हणजे त्या शब्दांचे पत्ते ठेवलेला पॉइंटरांचा ॲरे. शून्याव्या घरात रिवाजाने प्रोग्रॅमचे स्वतःचे नाव असते आणि पहिल्या घरापासून वापरणाऱ्याचे शब्द सुरू होतात. या शब्दांवरून एकेक करत पुढे जायचे, एवढेच काम. त्याला दोन-चार ओळी पुरतात. पण त्या ओळी लिहिण्याच्या निरनिराळ्या रीती गेल्या जवळजवळ पन्नास वर्षांत रूढ झाल्या आहेत आणि त्यांतली प्रत्येक रीत शब्द संपले हे वेगळ्या खुणेवरून ओळखते. या खुणेकडे दुर्लक्ष झाल्यामुळे २०२२ साली उबुंटू, डेबियन, फेडोरा अशा सगळ्या मोठ्या लिनक्स प्रणालींना घाईघाईने दुरुस्त्या पाठवाव्या लागल्या. आपल्याकडे सी शिकवताना या लूपला मिळणारा वेळ मात्र फार थोडा आहे.

आधी लिहिण्याच्या सोयीबद्दल. कोडच्या ओळी इथे देवनागरीत, वर्गात मोठ्याने वाचतो तशा दिल्या आहेत. यंत्रावर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच टंकायच्या. उदाहरणासाठी ‘मोज’ नावाचा एक प्रोग्रॅम धरू. दिलेल्या प्रत्येक फाइलच्या ओळी मोजणे हे त्याचे काम. त्याला ‘मोज चादर टॉवेल पंचा’ असे म्हटले तर आर्गसी ४ होते आणि आर्गव्हीच्या १, २, ३ या घरांत तीन फाइलींची नावे येतात.

सोलापूर असो की नागपूर, सी शिकणाऱ्या मुलाच्या हातात बहुधा यशवंत कानेटकर यांचे ‘लेट अस सी’ असते. नागपूरच्या या लेखकाने महाराष्ट्रातल्याच नव्हे, तर देशभरातल्या मुलांची सीची भीती घालवली. त्या पुस्तकात आर्गसी-आर्गव्ही येतात ते फाइल कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमच्या निमित्ताने. एका फाइलीतून वाचायचे आणि दुसरीत लिहायचे असल्यामुळे आर्गसी ३ आहे ना एवढे तपासायचे, नसेल तर तक्रार छापून बाहेर पडायचे. संकल्पना समजावायला हे उदाहरण अगदी योग्य आहे. त्यात लूप मात्र येत नाही, कारण शब्द किती येणार हे आधीच ठरलेले असते.

याच्या शेजारी कर्निघन आणि रिची यांचे १९७८ सालचे ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ ठेवून पाहावे. तिथेही फाइल कॉपी करणारे फंक्शन आहे, पण ते युनिक्सच्या कॅट या प्रोग्रॅमच्या आत बसवले आहे. एकही नाव दिले नाही तर प्रमाण इनपुट वाचायचे, नावे दिली तर ती कितीही असोत, एकामागून एक उघडून वाचायची. शब्दांची संख्या प्रोग्रॅम लिहिणारा ठरवत नाही, वापरणारा ठरवतो. माझ्या मते कमांड लाइनची खरी ताकद इथे आहे, आणि ‘तीन शब्द हवेत’ या उदाहरणापाशी थांबणाऱ्या मुलापर्यंत ती पोहोचत नाही.

याला आपल्या प्रयोगशाळांमधल्या साधनांचाही हातभार लागला. बोरलँडची टर्बो सी १९८७ साली आली आणि तिची निळी खिडकी आपल्या कित्येक महाविद्यालयांत तीनेक दशके टिकली. त्या खिडकीत कंट्रोल आणि एफ-९ दाबले की प्रोग्रॅम चालतो, पण कोणताही शब्द न घेता. शब्द द्यायचे तर मेन्यूतल्या ‘आर्ग्युमेंट्स’मध्ये जाऊन आधी भरून ठेवावे लागत, नाहीतर डॉसच्या काळ्या पडद्यावर जाऊन प्रोग्रॅम नावाने चालवावा लागे. बरीच मुले यातले काहीच न करता ‘आर्ग्युमेंट काउंट’ आणि ‘आर्ग्युमेंट व्हेक्टर’ ही तोंडी परीक्षेची उत्तरे पाठ करून पुढे सरकली. आता ऑनलाइन कंपायलर आले. त्यांतल्या काहींमध्ये शब्द भरायला वेगळा रकाना असतो, पण तो पानाच्या तळाशी राहतो आणि कोणी मुद्दाम दाखवल्याखेरीज कुणाची नजर तिकडे जात नाही.

आता रीतींकडे येऊ. सगळ्यांत सरळ रीत निर्देशांकाची.

फॉर (आय = १; आय < आर्गसी; आय++)
    मोज(आर्गव्ही[आय]);

शून्यावे घर सोडून १ पासून सुरुवात करायची आणि आर्गसी गाठण्याआधी थांबायचे. वाचणाऱ्याला क्षणभरही अडखळावे लागत नाही. ‘कितव्या शब्दात चूक आहे’ हे सांगायचे असेल तर आयमध्ये तो आकडा तयार असतो. मागचा किंवा पुढचा शब्द पाहायचा असेल तर एक वजा किंवा एक अधिक करायचे.

इथे नवशिक्यांच्या हातून होणाऱ्या चुका ठरावीक आहेत. ‘लहान’ऐवजी ‘लहान किंवा समान’ ही खूण पडली की शेवटच्या फेरीत आर्गव्ही[आर्गसी] हे घर वाचले जाते. सीच्या प्रमाणानुसार तिथे नल पॉइंटर असतो. लिनक्सवरच्या ग्लिबसी या लायब्ररीत प्रिंटएफला स्ट्रिंग म्हणून नल दिला तर तो बिचकत नाही, कंसात ‘नल’ असे छापून मोकळा होतो, आणि मुलाला वाटते की प्रोग्रॅम जवळजवळ बरोबर आहे. पण छापायच्या नमुन्यात फक्त स्ट्रिंग आणि नवी ओळ एवढेच असेल, तर जीसीसी हा कंपायलर प्रिंटएफच्या जागी गुपचूप पुट्स घालतो आणि तोच नल पुट्सकडे गेला की प्रोग्रॅम कोसळतो. एकच चूक एका ओळीत खपते आणि दुसऱ्या ओळीत जीव घेते. वर्गात हे दोन्ही प्रकार शेजारी शेजारी चालवून दाखवावेत.

दुसरी चूक साइझऑफची. ॲरेचा आकार भागिले एका घराचा आकार हे सूत्र मुलांच्या हातात बसलेले असते, म्हणून ते आर्गव्हीवरही चालवले जाते. पण फंक्शनच्या कंसात लिहिलेला ॲरे हा प्रत्यक्षात पॉइंटरच असतो. पॉइंटर भागिले पॉइंटर, उत्तर १. तिसरी चूक तुलनेची. आर्गव्ही[आय] आणि ‘-एन’ यांची दोन बरोबर-चिन्हांनी तुलना केली तर पत्त्यांची तुलना होते, अक्षरांची होत नाही. तिथे स्ट्रकंपच हवे.

दुसरी रीत कर्निघन-रिचींची म्हणून ओळखली जाते.

व्हाइल (--आर्गसी > ०)
    मोज(*++आर्गव्ही);

इथे वेगळा निर्देशांक नाही. आर्गसी दर फेरीला एकाने कमी होतो, आर्गव्ही एक घर पुढे सरकतो. पहिल्याच फेरीत तो पुढे सरकत असल्याने प्रोग्रॅमचे नाव आपोआप मागे पडते. सी पहिल्यांदा ज्या पीडीपी-११ यंत्रावर मोठी झाली त्याच्या सूचनांमध्ये पॉइंटर वापरता वापरता पुढे सरकवण्याची सोय होती, त्यामुळे हे वळण त्या पिढीच्या हातात सहज बसले. आजचे कंपायलर दोन्ही रीतींतून जवळजवळ सारखेच यंत्रकोड काढतात, आणि पाच-दहा शब्दांच्या लूपमध्ये वेग पाहायचा तरी कशाला? तरीही ही रीत वाचता आलीच पाहिजे, कारण जुना युनिक्स कोड तिने भरलेला आहे. तिची किंमत एवढीच की लूप संपल्यावर मूळ आर्गसी आणि आर्गव्ही हातात राहत नाहीत. पुढे कुठे प्रोग्रॅमचे नाव छापायचे असेल तर ते आधीच बाजूला काढून ठेवावे लागते.

कर्निघन-रिचींच्या पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीत या रीतीची एक पुढची पायरी आहे. तिच्यावर मुलांना थांबवून ठेवावे असे मला फार वाटते. पर्याय, म्हणजे उणे चिन्हाने सुरू होणारे शब्द, वाचताना तिथे दोन जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या राशी येतात. एक (*++आर्गव्ही)[०] आणि दुसरी *++आर्गव्ही[०]. पहिलीत कंसामुळे आधी आर्गव्ही पुढच्या शब्दावर जातो आणि मग त्या शब्दाचे पहिले अक्षर मिळते. दुसरीत चौकटी कंसाची पकड अधिक घट्ट असल्याने आधी सध्याचा शब्द धरला जातो आणि मग त्या शब्दाच्या आत एक अक्षर पुढे सरकायला होते. बाहेरचा लूप शब्दांवरून जातो, आतला अक्षरांवरून, आणि फरक फक्त गोल कंसाचा. पॉइंटरचा पॉइंटर म्हणजे काय हे फळ्यावर बाण काढून जितके कळते त्याहून जास्त या दोन राशींत कळते.

तिसरी रीत मोजणीकडे बघतच नाही.

फॉर (पी = आर्गव्ही + १; *पी != नल; पी++)
    मोज(*पी);

आर्गव्ही[आर्गसी] मध्ये नल असतो या हमीवर ती उभी आहे. ही हमी १९८९ च्या आन्सी प्रमाणाने पक्की केली. त्याआधी ती सगळीकडे गृहीत धरता येत नव्हती, त्यामुळे जुन्या कोडमध्ये मोजणीच जास्त दिसते. सोलापुरी चादरीच्या जकार्ड मागावर नक्षीच्या छिद्रांच्या पुठ्ठ्यांची माळ टोकाला टोक जोडून गोल केलेली असते, त्यामुळे माग चालू असेपर्यंत तिला शेवटच नसतो. आर्गव्हीची माळ उघडी आहे. तिचा शेवट दोन ठिकाणी नोंदवलेला आहे, एकदा आर्गसीच्या आकड्यात आणि एकदा नलच्या खुणेत. लूप लिहिणाऱ्याने यांतली एक नोंद निवडायची आणि शेवटपर्यंत तिलाच धरून राहायचे. बहुतेक गोंधळ निम्म्या वाटेत नोंद बदलल्यामुळे होतात.

याचे उदाहरण म्हणजे किंमत घेणारा पर्याय. ‘मोज -ओ निकाल चादर’ असे लिहिले तर -ओ नंतरचा ‘निकाल’ हा शब्द फाइल म्हणून मोजायचा नाही, उत्तर कुठे लिहायचे ते तो सांगतो. म्हणजे लूपच्या पोटात आणखी एक घर पुढे जावे लागते. आता समजा वापरणाऱ्याने -ओ लिहून पुढे काहीच दिले नाही आणि तपासणी करायची राहून गेली. निर्देशांकाच्या रीतीत आय आर्गसीवर जातो, मग लूपच्या वाढीने आर्गसी अधिक एकवर, आणि ‘आय < आर्गसी’ ही अट खोटी ठरून लूप थांबतो. हातात एक नल येतो एवढेच. नलच्या रीतीत पी पोटातच नलवर पोहोचतो आणि लूपची वाढ त्याला नलच्याही पलीकडे नेते. शेवटाची खूण मागे पडली, आता थांबायचे कशावर? निर्देशांकाच्या रीतीत ‘लहान’ऐवजी ‘समान नाही’ अशी अट लिहिली तर तीही अशीच उडी मारते. म्हणून ‘लहान’ हे चिन्ह मी आग्रहाने वापरायला सांगतो. एक घर चुकून ओलांडले तरी ते लूप थांबवते.

पण नलच्या पलीकडे असते तरी काय? हा प्रश्न भाषेचा नाही, ऑपरेटिंग सिस्टिमचा आहे. सोलापुरात वाढलेले आणि हरिभाई देवकरण प्रशालेत शिकलेले अच्युत गोडबोले यांनी ऑपरेटिंग सिस्टिम्सवर लिहिलेले पाठ्यपुस्तक अभियांत्रिकीच्या अनेक वर्गांत वापरले गेले आहे. सी आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे दोन विषय वेगवेगळ्या सत्रांत शिकवले जातात खरे, पण आर्गव्ही दोघांच्या सीमेवर उभा आहे. नवा प्रोग्रॅम सुरू करताना लिनक्सचा कर्नल त्याच्या स्टॅकवर आधी आर्गसी ठेवतो, मग आर्गव्हीचे पॉइंटर, मग एक नल, आणि त्याला लागूनच एन्व्हायर्नमेंटचे, म्हणजे पाथ, होम अशा चलांचे पॉइंटर. नल ओलांडणारा लूप या एन्व्हायर्नमेंटमध्ये शिरतो आणि तिथल्या स्ट्रिंगांनाच फाइलींची नावे समजून मोजायला लागतो.

२०२२ ची घटना नेमकी या शेजारामुळे घडली. पीकेएक्झेक नावाचा एक प्रोग्रॅम लिनक्सवर सामान्य वापरकर्त्याला परवानगी तपासून रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने एखादे काम करू देतो. त्यामुळे तो स्वतः रूटच्या अधिकारानेच चालतो. त्याच्या मेनमध्ये अगदी शाळकरी लूप होता. एन १ पासून सुरू, आर्गसीपेक्षा लहान असेपर्यंत पर्याय वाचायचे, पर्याय संपले की बाहेर. लूपनंतर आर्गव्ही[एन] मध्ये चालवायच्या प्रोग्रॅमचे नाव असणार असे धरून ते वाचायचे आणि त्याचा पूर्ण मार्ग सापडला की तो त्याच घरात परत लिहायचा.

आर्गसी १ किंवा जास्त असेल तोवर हे ठीक आहे. पण आर्गसी शून्य असू शकतो. सीचे प्रमाण फक्त एवढे म्हणते की तो ऋण असू नये. शेलमधून प्रोग्रॅम चालवला तर शून्याव्या घरात नाव असतेच, पण दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमने एक्झेकव्हीई हा सिस्टिम कॉल रिकामी यादी देऊन वापरला तर त्या काळच्या लिनक्सवर आर्गसी शून्य येई. मग आर्गव्ही[०] मध्येच नल, आणि आर्गव्ही[१] म्हणजे एन्व्हायर्नमेंटचे पहिले घर. पीकेएक्झेकचा लूप एकही फेरी न करता योग्य तऱ्हेने थांबला. एनची किंमत मात्र १ च राहिली, आणि पुढच्या ओळींनी ते घर आधी वाचले व नंतर त्यात लिहिले. रूटच्या प्रोग्रॅमला धोक्याची ठरतील अशी एन्व्हायर्नमेंट चले सुरुवातीलाच काढून टाकली जातात. या वाटेने ती परत आत घालता येत होती, आणि त्यांच्यामार्फत हल्लेखोराला स्वतःचा कोड रूट म्हणून चालवता येत होता.

क्वालिस या सुरक्षा कंपनीने ही त्रुटी २५ जानेवारी २०२२ रोजी जाहीर केली. तिला पीडब्ल्यूएनकिट हे नाव मिळाले. पीकेएक्झेकच्या मे २००९ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून ती तशीच होती. बारा वर्षांहून जास्त काळ अनेकांच्या नजरेखालून गेलेला हा कोड आहे. त्यानंतर लिनक्सच्या ५.१८ या आवृत्तीत कर्नलच बदलला. आता रिकामी यादी आली तर कर्नल स्वतः एक रिकामी स्ट्रिंग घालतो आणि आर्गसी १ करतो. ओपनबीएसडी ही प्रणाली मात्र असा कॉल आधीपासूनच नाकारत होती.

या घटनेवरून चारी बाजूंनी एकच टीका झाली की आर्गसी तपासायला हवा होता. ती बरोबर आहे, पण मला त्याहून महत्त्वाची वाटते ती गोष्ट वेगळी. चूक लूपमध्ये नव्हती. लूप संपल्यानंतर त्याचा निर्देशांक पुन्हा वापरण्यात होती. लूपच्या आत ‘आय < आर्गसी’ ही अट प्रत्येक वाचनाच्या आधी पाळली जाते, बाहेर पडल्यावर ती पाळायला कोणी नसते. म्हणून लूपनंतर आर्गव्ही[आय] ला हात लावायचा असेल तर तीच अट पुन्हा लिहायची. आपल्या इतर रीतींचीही याच कसावर परीक्षा घ्यावी. ‘--आर्गसी > ०’ ही अट शून्यावर सुरक्षित आहे, कारण उणे एक शून्याहून मोठा नाही. त्यातला ‘> ०’ टंकायचा कंटाळा करून नुसते ‘--आर्गसी’ लिहिले तर उणे एक खरा धरला जातो आणि लूप मोकाट सुटतो. आणि तिसरी, नलची रीत आर्गव्ही + १ पासून सुरू होत असल्याने शून्याच्या प्रसंगी पहिल्याच पावलात नल ओलांडते. तिच्याआधी ‘इफ (आर्गसी > ०)’ हवेच.

उणे चिन्हाचे पर्याय दोन-तीनहून जास्त झाले की हाताने लूप लिहिणे थांबवावे आणि गेटऑप्ट घ्यावे. एटी अँड टीने हे फंक्शन १९८५ च्या युनिफोरम परिषदेत सर्वांसाठी खुले केले आणि पुढे ते पॉसिक्स प्रमाणात आले. त्याचा लूप असा :

व्हाइल ((सी = गेटऑप्ट(आर्गसी, आर्गव्ही, "एनओ:")) != -१)

अक्षरांची ती छोटी यादी म्हणजे पर्यायांचा करार. एन एकटा येतो, ओनंतर अपूर्णविराम, म्हणून ओला किंमत लागते. ती ‘-ओ निकाल’ अशी सुटी आली किंवा ‘-ओनिकाल’ अशी चिकटून आली, तरी ऑप्टआर्गमध्ये मिळते. किंमत राहिली तर तक्रार गेटऑप्टच करते. पर्याय संपले की ऑप्टइंड हा निर्देशांक पहिल्या साध्या शब्दावर उभा असतो आणि उरलेला लूप पुन्हा आपल्या ओळखीचा होतो : ऑप्टइंड आर्गसीपेक्षा लहान असेपर्यंत मोजत जा. वर हाताने लिहिताना जिथे पाय घसरतो त्या सगळ्या जागा इथे आधीच बांधून काढलेल्या आहेत.

एक जागा मात्र प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर सोडली आहे. सी हे चल इंट प्रकारचे असले पाहिजे. अक्षर मिळते म्हणून ते कॅर प्रकारचे केले, तर इंटेलच्या संगणकावर काही बिघडत नाही, कारण तिथे कॅर ऋण किंमत धरू शकतो. एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये, म्हणजे रास्पबेरी पायसारख्या यंत्रावर, कॅरला ऋण किंमत नसते. उणे एकचे २५५ होतात, अट कधीच खोटी ठरत नाही आणि प्रोग्रॅम फिरतच राहतो. प्रयोगशाळेत चाललेला प्रोग्रॅम प्रकल्पाच्या बोर्डावर अडकला की मुले वायरिंग तपासत बसतात.

पर्यायांच्या क्रमाबाबतही जग एकमताचे नाही. ‘मोज चादर -एन’ असे लिहिले तर लिनक्सवरचे गेटऑप्ट आर्गव्हीतली घरे हलवून -एन पुढे आणते आणि पर्याय म्हणून वाचते. मॅकवर पहिल्या साध्या शब्दापाशी पर्याय संपले असे धरले जाते आणि -एन नावाची फाइल शोधली जाते. दोन्हीकडे चालणारा मार्ग म्हणजे दोन उणे चिन्हांचा स्वतंत्र शब्द. तो आला की पुढचे सगळे नुसते शब्द. हाताने लूप लिहिणाऱ्यांनीही तेवढी सोय ठेवावी, नाहीतर उणेने सुरू होणाऱ्या नावाची फाइल ‘./’ जोडल्याशिवाय प्रोग्रॅमला देता येत नाही.

आता आमच्या सोलापूरचा प्रश्न. इथे मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू या चारही भाषा घराघरांत आणि दुकानांत वावरतात, आणि फाइलींची नावेही आता त्या त्या लिप्यांत येतात. आर्गव्हीच्या दृष्टीने शब्द म्हणजे बाइटांची रांग. ‘सोलापूर’ डोळ्यांना चार अक्षरे दिसतात, युनिकोडमध्ये मात्रा वेगळ्या धरून ती सात चिन्हे होतात आणि यूटीएफ-८ मध्ये त्यांचे २१ बाइट. स्ट्रलेन २१ सांगेल आणि ते बरोबरच आहे. तेलुगू-कन्नडचाही हिशेब चिन्हामागे तीन बाइटांचाच, उर्दूच्या अक्षरांचा दोन बाइटांचा. शब्दांवरून जाणाऱ्या लूपला याने काही फरक पडत नाही, कारण यूटीएफ-८ मध्ये अक्षराच्या पोटात शून्य बाइट कधी येत नाही. फाइलचे नाव जसे आले तसे एफओपनला दिले की लिनक्सवर फाइल उघडते.

अडचण आतल्या, अक्षरांवरून जाणाऱ्या लूपमध्ये येते. कोणी ‘-स’ असा मराठी पर्याय ठेवू पाहिला तर तो लूप ‘स’चे तीन तुकडे तीन वेगवेगळे पर्याय म्हणून वाचतो. गेटऑप्टही त्यातून सुटत नाही. इझअल्फासारख्या फंक्शनला देवनागरीचा बाइट थेट दिला तर इंटेलच्या यंत्रावर ती ऋण संख्या असते आणि वागणे अनिश्चित होते, म्हणून आधी अनसाइन्ड कॅरमध्ये बदलून घ्यावे. विंडोजवर तर गाडी याच्याही आधी अडते. साधा मेन तिथे जुन्या कोडपेजमधून शब्द घेतो आणि मराठी किंवा हिंदीसाठी असे कोडपेज विंडोजमध्ये नाहीच, त्यामुळे नावाच्या जागी प्रश्नचिन्हे हाती येतात. डब्ल्यूमेन वापरावा, किंवा २०१९ मध्ये आलेल्या विंडोज १० च्या १९०३ आवृत्तीपासून मॅनिफेस्टमध्ये यूटीएफ-८ मागता येते. ‘गड्डा यात्रा’ असे जागा सोडून लिहिलेले नाव अवतरणात घातले नाही तर दोन शब्द होतात, पण ते तोडणे लिनक्सवर शेलकडे असते. आपल्या लूपपर्यंत येईपर्यंत तो निर्णय झालेला असतो.

लूपच्या पोटात काय करावे याच्याही रूढ पद्धती आहेत. दहा फाइलींतली तिसरी उघडली नाही तर कर्निघन-रिचींचा कॅट तिथेच थांबतो. आजच्या युनिक्स प्रणालींवरचा कॅट तक्रार प्रमाण एरर प्रवाहावर लिहितो, उरलेल्या सात फाइली वाचतो आणि शेवटी शून्येतर किंमत परत करतो. मला हाच मार्ग योग्य वाटतो. निकाल नावाचे एक चल शून्यावर ठेवायचे, चूक झाली की १ करायचे, लूप चालू ठेवायचा आणि मेनने शेवटी तेच परत करायचे. उघडलेली फाइल त्याच फेरीत बंद करणेही इथेच अंगवळणी पडते. दोनच फाइलींच्या प्रोग्रॅममध्ये एफक्लोज विसरले तरी कळत नाही. लूपमध्ये विसरले की डॉसवर विसाच्या आतच आणि लिनक्सवर बहुधा हजारच्या आसपास पुढची फाइल उघडेनाशी होते.

आणि नावे खरोखरच खूप झाली तर लूपपर्यंत गोष्ट येतच नाही. डॉसवर सगळी कमांडची शेपटी १२७ अक्षरांत मावावी लागे. लिनक्सवर २००७ पासून ही मर्यादा स्टॅकच्या मर्यादेच्या एक चतुर्थांश आहे, नेहमीच्या मांडणीत २ मेगाबाइट, त्यातही एका शब्दाला १२८ किलोबाइट. लाखभर फाइलींच्या डिरेक्टरीत ‘मोज *’ म्हटले की यादी फार लांब झाली असे सांगून शेलच थांबते आणि मेन सुरूही होत नाही. एक्झआर्ग्स हा प्रोग्रॅम यादीचे तुकडे करून मोज पुन्हा पुन्हा चालवू शकतो, पण मग एकूण बेरीज एका ठिकाणी मिळत नाही. त्यासाठी मोजला फाइलींची नावे प्रमाण इनपुटवरून, ओळीला एक अशी, वाचण्याचा पर्याय ठेवावा लागतो. तिथे आर्गसीसारखी आधी कळलेली संख्या नसते, एफगेट्सने नल दिला की यादी संपली.